बांधाची कड

शुक्रवार, ४ जुलै १९९७

बांध कोरायला ह्या माणसाला पावसाळाच बरा गावतो. उन्हाळ्यात माती दगडासारखी असते, कुदळ मारली तर आवाज चार मळ्यांत जातो. पावसात कसं, माती लोण्यासारखी. नुसता धक्का लावला तरी ढेकूळ सुटतं, पाणी ते वाहून नेतं, आणि कुणी विचारलंच तर तोंड वर करून म्हणायचं, पावसानं ढासळला.

हा माणूस म्हणजे पिराजी, माझा दीर. आमच्या ह्यांचा पाठचा भाऊ. वाटणी झाली तेव्हा वरचं शेत आम्हाला आलं, खालचं त्याला, आणि मधे हा बांध. आमच्या मळ्यातल्या घरापासनं सडकेपर्यंत जायची वाटही ह्याच बांधावरनं. एका पावसाळ्यात मी त्याला कुदळीसकट बांधावर धरला. तेव्हापासनं दोन्ही घरांत बोलणं बंद. ह्यांना बंद करायचं नव्हतं, मी करायला लावलं. बरं केलं.

आज सकाळी शेणाची पाटी टाकून येते तर काय, बांधाच्या दोन्ही कडांचं गवत कापलेलं. आणि कसं? न्हाव्यानं कल्ले साधल्यागत. म्हशीसाठी गवत कापणारा माणूस दाट दिसेल तिथं मूठ भरतो आणि पुढं सरकतो. कड कोण साधत बसतंय? तेही भाताच्या लावणीत, जेव्हा माणसाला पाठ सरळ करायला सवड नाही, आणि वर असा झोडपणारा पाऊस.

म्हणजे आधी कड साफ करायची, रेघ नीट दिसू द्यायची, मग कुदळ. मी काय आज जन्मलेली नाही.

ह्यांना सांगितलं. चुलीपुढं बसून चहा पीत होते.

"कापलं तर कापलं. गवातच हाय," म्हणाले.

गवतच आहे! उद्या घर नेलं तर म्हणतील, कौलंच आहेत.

साक्षरतेच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहा, हात बसेल. रोज कोण लिहितंय? पण डोस्क्यात राग मावेना झाला की लिहायला बरं पडतं. कागद उलटून बोलत नाही.

शनिवार, ५ जुलै

आता हे काय नवीन?

बांधाच्या मधल्या पायवाटेच्या अलीकडचं गवत आमचं, पलीकडचं त्याचं, ही रीत सासऱ्यांच्या वेळची. मला वाटलं सगळं गवत त्यानंच नेलं. आज बघते तर आमच्या अंगाचं गवत आमच्या शेताच्या तोंडाला पेंढी बांधून ठेवलेलं. वर दगड, उडू नये म्हणून.

चोर चोरी करतो आणि माल मालकाच्या दारात ठेवतो, असं कुठं असतं का?

लाच देत असेल. पेंढी म्हशीपुढं टाकली. तिनं खाल्ली. तिला काय भाऊबंदकी कळत नाही.

बांधाच्या दोन्ही पायथ्यांना मेंदीच्या खुंट्या ठोकून आले. आता बांध बोटभर जरी सरकला तरी मला कळेल.

बुधवार, ९ जुलै

आज माझी अब्रू गेली.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बाळासो, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, गारगोटीला कामाला आलेला तो आमच्याकडं वळला. येताना सडकेवरच्या दूधडेरीत थांबला. तिथं हे दूध घालायला गेलेले. बाळासो घरात आला तोच फुगून.

"काय साडू, कोल्हापूरची माणसं दिसत न्हाईत व्हय तुमास्नी?"

"पावणं! कवा आलासा?" हे म्हणाले.

"कवा आलासा? मगाशी डेरीत खांद्याला खांदा लावून हुबा हुतो की! दोन येळा हासलो. तुमी आपलं सरळ बघत गेलासा, मंत्री गेल्यागत."

"ध्यान नव्हतं, पावणं."

"आमी काय उधार मागणार नव्हतो."

मी मधे पडले, कोंबडी कापली, तांबडा रस्सा केला. जेवायला बसल्यावर ह्यांच्या डाव्या अंगाला रश्श्याची वाटी ठेवली. ठेवताना सांगितलंसुद्धा. तर ह्यांनी कोपर मारून ती वाटी पावण्याच्या पांढऱ्या विजारीवर उलटी केली. बाळासो उठून उभाच राहिला.

"राग हाय तर तोंडानं बोला साडू, रस्सा कशाला सांडताय?"

हे हसले. हसायची वेळ होती का ती?

बहिणीला आज रात्रीच कळणार. आणि ती काय म्हणेल तेही मला माहीत आहे.

रविवार, १३ जुलै

वाकळ शिवायला काढली. सुईत दोरा ओवता येईना, हल्ली माझेच डोळे दगा देतात. ह्यांनी सुई घेतली, दारातल्या उजेडाला धरली आणि एका झटक्यात ओवून दिली. मग म्हणाले, "पलीकडच्या तुकड्यात बगळा उतरलाय बघ." मी बघितलं तर मला दिसायलाही वेळ लागला.

आणि हाच माणूस उठताना चौकटीला खांदा आपटून गेला. दाराशी मी ठेवलेल्या कळशीला पाय लावून सगळं पाणी सांडलं. मी ओरडले. कळशी काय आज ठेवलीय का तिथं?

मला हे कोडं उलगडत नाही. समोरचं सगळं दिसतं, लांबचं दिसतं, बाजूचं तेवढं दिसत नाही. आणि ह्यांच्या बाजूला नेमकी मीच असते.

माणूस म्हातारपणाकडं झुकला की बायकोकडं दुर्लक्ष करतो म्हणतात. पण कळशीकडं कशाला करतो?

सोमवार, १४ जुलै

धरला! बांधावर धरला.

पहाटेपासनं पावसानं उघडीप दिली नव्हती. प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन केळीच्या आडोशाला बसले. हे दूध घेऊन गेले, तेव्हा पिराजी त्याच्या बाजूनं वर आला. उकिडवा बसला आणि विळ्यानं कड साधायला लागला. आमच्या सडकेच्या वाटेवर वळणाला जुनी विहीर आहे, तिला कठडा नाही. तिथं तर तो इतका हळू कापत होता की मला वाटलं हा गवत मोजतोय.

मी जाऊन समोर उभी राहिले. किती वर्षांनी त्याच्याशी बोलले ते देवाला माहीत.

"काय चाललंय?"

दचकला. "गवात कापतोय, वैनी."

"आमच्या अंगाचं?"

"तुमचं तुमच्या तोंडाला ठेवतोय की. पेंढी गावली न्हाई?"

"गावली. म्हशीनं खाल्ली. त्यानं काय मी गप बसंन असं वाटलं व्हय, भावजी? कशापायी कापताय ते सांगा."

"कड दिसाया पायजे."

"कुणाला?"

माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होता, दिसत होतं मला. मग विळा गवतावर पुसला आणि म्हणाला, "पाऊस लई हाय. घरात जावा, वैनी."

कड दिसायला पाहिजे. कुणाला? मोजणीवाल्याला, दुसऱ्या कुणाला! मोजणी आणणार तर हा.

परत येताना खुंट्या बघितल्या. सगळ्या जागच्या जागी. माती कुठं हललेली नाही. कुदळ सोडा, विळासुद्धा मुळाला लावलेला नाही, वरच्यावर कापलंय. एवढी काळजी? ज्याला बांध खायचाय तो असं का कापेल?

मला काही कळत नाही. राग आहे म्हणून बरं, नाहीतर काय वाटून घ्यावं तेही कळलं नसतं.

रविवार, २० जुलै

बैलांच्या बेंदराची पुरणपोळी ताटात तशीच राहिली.

संध्याकाळी ह्यांना डेरीतनं यायला उशीर झाला, म्हणून दारात जाऊन बघितलं. पाऊस भुरभुरत होता. अंधार अजून पुरता पडला नव्हता. बांधावरनं दोघंजण येत होते. पुढं पिराजी, मागं हे. आणि ह्यांचा हात पिराजीच्या खांद्यावर. जत्रेला निघालेल्या पोरांगत! विहिरीचं वळण मागं पडलं, घर दिसायला लागलं, तसा पिराजी खाली त्याच्या शेतात उतरला आणि हे एकटेच पुढं आले. ठरवल्यागत.

"कुणाबरोबर आला?" मी विचारलं.

"एकटाच."

तोंडावर खोटं! एवढी वर्षं ह्यांनी माझ्याशी भांडण केलं असेल, अबोला धरला असेल, पण खोटं कधी बोलले नव्हते.

आता सगळं जुळलं. गवताची पेंढी, कड साधणं, खांद्यावर हात. दोघं भाऊ एक झालेत. बांध मोडून दोन्ही शेतं एक करायची असतील, नाहीतर आमचाच तुकडा त्याला द्यायचा असेल. मुली लग्न होऊन गेल्या, मागं कोण आहे? भाऊ भाऊ गोड झाले आणि वैरीण राहिले मी एकटी.

भांडण कुणासाठी धरून बसले होते मी? माझ्या माहेरचा बांध होता का तो?

मंगळवार, २२ जुलै

ह्यांना सरळ विचारलं. "शेत भावाला द्यायचं ठरलंय का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"मग त्याच्या खांद्यावर हात टाकून का हिंडताय?"

मग म्हणाले, "अंबू, बांध कुटं जात न्हाई. जरा गप बस की."

गप बस! माझं अर्धं आयुष्य ह्या बांधाची राखण करण्यात गेलं आणि मी गप बसू.

गारगोटीच्या बाजारालाही येत नाही म्हणाले. "गर्दी लई असती. माणसं आंगावर येतात." बाजारात माणसं नाहीत तर काय हत्ती येतात? मी एकटीच गेले. एसटीच्या थांब्यावर माझी जाऊ, पिराजीची बायको चिमणाबाई उभी. मी तोंड फिरवलं. तर तीच जवळ आली.

"अक्का, दादास्नी येकदा कोल्लापूरला दवाखान्यात दावा की."

"का? काय धाड भरलीय त्यांना?"

"तसं न्हवं..."

"मग कसं?"

एसटी आली. ती चढली. मी मुद्दाम दुसऱ्या गाडीनं गेले.

चांगल्या माणसाला दवाखाना दाखवा म्हणते. आधी आजारी पाडायचा, मग शेत घ्यायचं, असा डाव असेल. देव जाणे. मलाच आता माझे विचार खरे वाटत नाहीत. पण दुसरे कुठले विचार करू?

संध्याकाळी बोराटीच्या फांद्या तोडल्या आणि घरापासनं विहिरीच्या वळणापर्यंत बांधाच्या दोन्ही कडांना गवतात दाबून टाकल्या. मधली वाट मोकळी ठेवली, आमच्या माणसाला जायला. आता लाव म्हणावं विळा.

शुक्रवार, २५ जुलै

पिराजी आला होता. काटे बघून उभा राहिला. आमच्या घराकडं बघत राहिला. फांदीला हात घातला तशी मी दारातनं ओरडले, "हात लावशीला तर पंच बोलवीन!" हात काढला, निघून गेला.

जिंकले.

रविवार, २७ जुलै

पाऊस, पाऊस. गवत असं वाढतंय जसं कुणी खालनं ढकलतंय. कडा पार झाकल्या. बांध कुठं संपतो आणि शेत कुठं लागतं ते मलाच उमगेना, आज माझा पाय दोनदा चिखलात गेला.

ह्यांच्या तळव्यात काटा मोडला होता. मी सुईनं काढून दिला. बोराटीचाच. कुठनं आला म्हणून त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मधनं चालायचं सोडून कडेला कशाला जातात कोण जाणे.

डेरीत जायला आता लई वेळ लागतो ह्यांना. म्हणाले, "उद्यापासनं सांजचं दूध तू घालशील का?" मी म्हटलं, "आणि तुमी काय करणार, भावाच्या खांद्यावर हात टाकून बसणार?"

किटली उचलून गेले.

गुरुवार, ३१ जुलै

लिहायला हात चालत नाही, पण लिहिते. लिहिल्याशिवाय मला हे कळणार नाही.

सांजच्या वेळेला हे दूध घेऊन गेले. थोड्या वेळानं खालच्या शेतातनं चिमणाबाईचा आवाज आला, "दादा पडलं! अवं धावा!" मी अनवाणी पळाले.

विहिरीच्या वळणावर पडले होते. नशीब म्हणायचं की विहिरीच्या अंगाला नाही, पिराजीच्या शेताच्या अंगाला. कंबरभर खाली. किटली उपडी, आणि लावणीच्या पाण्यात सगळं दूध पांढरं पसरलेलं. एक हात अंगाखाली मोडला होता. पायात बोराटीची फांदी गुंतलेली. पाय घसरला तिथनं विहीर हातभर लांब. हातभरच.

पिराजीनं पाठीवर घेतलं आणि घरात आणून टाकलं. मी मागनं ओरडत होते. मला राग आला की ओरडते आणि भ्याले तरी ओरडते, दुसरं येत नाही मला.

"वाट काय नवी हाय का? लगीन झाल्यापासनं चालताय ह्या वाटंनं! मधनं चालायला काय झालतं?"

तेव्हा चिमणाबाई माझ्यापुढं आली. भिजलेली, चिखलानं भरलेली.

"आंधळ्या माणसाच्या वाटंत काटं पेरतीस व्हय गं?"

"आंधळं कोण?" मी म्हटलं.

कौलांवर पाऊस वाजत होता. पिराजीनं बायकोचा हात धरून तिला मागं ओढलं.

"आंधळं कोण, विचारते मी!"

हे माझ्याकडं बघत होते. सरळ माझ्या तोंडाकडं. आंधळा माणूस असा बघतो का? मग खाली बघितलं आणि म्हणाले, "अंबू, पाणी दे."

गारगोटीला नेऊन हाताला प्लास्टर घातलं. हे झोपलेत. काटे मीच टाकले होते. चोरासाठी टाकले होते. चोर कुठं आहे?

शनिवार, २ ऑगस्ट

बाळासो पावण्यानं ओळखीनं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावून दिला. झालं गेलं विसरला बिचारा. एसटीत हे खिडकीशी, मधे मी, माझ्या पलीकडं पिराजी. सगळी वाट कुणी कुणाशी बोललं नाही. कंडक्टरनं विचारलं, "एकाच घरचं काय?" पिराजी "व्हय" म्हणाला.

डॉक्टरीण पोरसवदा होती. ह्यांना यंत्राला डोळा लावून बसवलं, दिवे दाखवले, मग मला आत बोलावलं.

"मावशी, ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. नजर कडेनं कमी होत होत आत येते. सुरुवातीला माणसालाही कळत नाही."

"पण सुईत दोरा ओवतात ते!"

"ओवतील. सुई समोर असते ना."

"मग जे गेलंय ते?"

"ते परत येत नाही. आहे ते राखायचं. थेंब रोज, चुकवायचे नाहीत. आयुष्यभर."

मी म्हटलं, "म्हणजे डोळ्याचा बांध कोरला जातोय." ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

परत येताना एसटीत मी ह्यांच्या कानाजवळ हात धरला आणि हलवला. काही नाही. गालाजवळ आणला. काही नाही. नाकासमोर आणला तेव्हा म्हणाले, "काय करतीस?" पिराजी पलीकडं खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या बाजूला खिडकी नव्हती.

वाटी. कळशी. बाळासो. चौकट. बाजारातली माणसं अंगावर येतात ती. एक एक आठवतंय आणि प्रत्येक ठिकाणी मी ओरडलेली आठवतेय.

रविवार, ३ ऑगस्ट

थेंब घातले. डोळा उघडा धरायला माझाच हात लागतो. त्यांचा एक हात प्लास्टरमध्ये आहे. थेंब पडला की लहान पोरागत तोंड करतात.



सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी काटे वेचले. काही चिखलात रुतले होते, ते बोटांनी चाचपून काढले. मग विळा घेऊन कड साधायला बसले. पाऊस होताच. मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे, जन्मभर गवत कापलंय. पण ओलं गवत विळ्याखाली वाकतं आणि सटकतं. जोर लावला तर मुळासकट मातीचा लगदा हातात येतो. थोडंच कापलं, तेही उंदरानं कुरतडल्यागत.

पिराजी त्याच्या बाजूनं वर आला. माझ्यासमोर पलीकडच्या कडेला बसला. बराच वेळ दोघं आपापली बाजू कापत होतो.

"वैनी, मुळाला लावू नका. माती सुटती."

"मला गवात कापाय शिकवताय?"

"म्हशीसाठनं कापताय तसं न्हवं ह्ये. ह्ये पायासाठनं हाय. कडंला खुंटं बारीक राहिली म्हंजे तळव्याला टोचत्यात. टोचलं की दादा थांबतो, आत सरकतो. गवात लोंबलं की त्याला कळत न्हाई बांध कुटं सपतोय."

मी विळा आडवा धरला आणि वरच्यावर कापायला लागले. जरा बरं जमलं.

"ह्ये कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवतंय? दोनदा त्याला चिखलातनं काढला, मग सुचलं."

"दोनदा? आणि मला ठाऊक न्हाई?"

"सांगू नगं म्हणाला."

विळा माझ्या हातात तसाच राहिला. "कवापासनं ठाऊक हाय तुमास्नी?"

"त्यालाच इचारा, वैनी."

"तुमालाच कसं सांगितलं? बोलत नव्हतासा की तुमी!"

तो विहिरीच्या वळणापर्यंत कापत गेला. तिथं पोचल्यावर म्हणाला, "हिकडचं मी करतो, तुमी उठा. तुमचा पाय घसरंल." मी उठले नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज सकाळी ह्यांना बांधावरनं चालवत नेलं. पुढं मी, मागं हे, हात माझ्या खांद्यावर. एका ठिकाणी कडेला गेले, खुंटं तळव्याला लागली तसे थांबले आणि आत आले. हसले. "ग्वाड कापलंय," म्हणाले. कुणी कापलंय ते मी सांगितलं नाही. माझी बाजू वाकडी आहे, ती पायाला कळली असेलच.

मी तिथंच, बांधावरच, विचारलं. "भावाला सांगितलं, मला का नाही?"

"सांगतो की."

"कधी?"

"सवडीनं."

"मी काय माणसं खाते का?"

"तसं न्हवं, अंबू."

"मग कसं?"

डेरी आली. मी दूध घालायला लागले. परत येताना पाऊस जोराचा झाला आणि मी दहादा विचारलं तरी उत्तर नाही. "तू..." एवढं म्हणाले एकदा, आणि थांबले.

मी काय? मी ओरडले असते? ओरडलेच असते. म्हणून काय झालं? ओरडून झाल्यावर दवाखान्यात नेलंच असतं की. कळलं तेव्हाच नेलं असतं, जी नजर होती ती तरी राखली असती. हे एवढं ह्यांना कळू नये?

का कळलं होतं, आणि तरीही सांगितलं नाही? हे मला कळत नाही. कितीही ओळी लिहिल्या तरी कळत नाही.

शुक्रवारी नागपंचमी. त्या दिवशी विळ्याला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही. गवत कापायचं नाही. म्हणजे ह्यांना काम नाही, मला नाही, पिराजीलाही नाही. तिघंही घरात असू, त्यालाही बोलावणार आहे, जेवायलाच. सवड पाहिजे होती ना, ती घ्या सवड.

ह्यांना तोंडावर सांगितलंय, आणि इथंही लिहून ठेवते. ज्या भावाशी बोलणं बंद होतं त्याला सांगवलं, आणि जिच्या हातचं दोन वेळा जेवता तिला सांगवलं नाही, ते का? शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पाहिजे. अर्धं नको. "तू" म्हणून थांबायचं नाही, तूच्या पुढचं बोलायचं. मी ओरडणार नाही.

ओरडले तरी बोलायचं.